वाढलेल्या बांगडीचें चित्र

घरांत कांचेची बांगडी फुटली तर ‘फुटली’ असें न म्हणतां ‘वाढली’ असें म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. पुढें ते तुकडे केरांत जातात. परंतु असा एखादा तुकडा खरोखरच २५ पट वाढवून त्याचें चित्र भिंतीवर टांगतां येतें, हें कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. या कलेचें थोडें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कांचेस रंग कोठून येतो तें पाहूं. कोबाल्टच्या ऑक्साइडनें कांच निळी होते, लोहाच्या संयुगांनीं हिरवट होते, व सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनीं माणकासारखी लाल होते. लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें लायकर्गसचा पेला म्हणून चौथ्या शतकांतील एक रोमन पात्र आहे. सोन्यारुप्याच्या कणांमुळें तें बाहेरून प्रकाश पडला असतां हिरवें व आंतून प्रकाश आला असतां लाल दिसतें. तेव्हां कांचेचें चित्र घेतांना प्रकाश कोणत्या बाजूनें घ्यावा, हाच मुख्य प्रश्न होय. बहुधा तो पांढऱ्या कागदांतून गाळून मागून घेतात. मग रंग आंतून उजळतात.

वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या पटलावर वस्तूएवढीच उमटली म्हणजे त्यास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. पटल ३६ × २४ मिलिमीटरचें असल्यास कांचेचा तेवढाच भाग चित्रांत येतो. तो ९० सेंटिमीटर रुंद छापला कीं २५ पट झाला. मात्र इतक्या जवळून भिंगाचें छिद्र मध्यम ठेविलें तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीपर्यंतच स्पष्ट दिसतें. प्रकाशहि पटलावर एरवींच्या चौथाईच पोंचतो. म्हणून कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवावा लागतो.

ज्यांत ओळखीचें कांहींच दिसत नाहीं त्यास चित्र कां म्हणावें, असें कोणी विचारील. १९१७ सालीं ॲल्विन लँगडन कोबर्न यानें त्रिकोणांत जुळविलेल्या आरशांतून अशींच अमूर्त छायाचित्रें घेतलीं, तेव्हांपासून हा वाद चालू आहे. आमच्या मतें अशा चित्रांतहि सत्य असतें. त्यांतील लांबट बुडबुडे व बारीक रेषा हीं फिरोजाबादसारख्या गांवीं भट्टीपुढें बसून तप्त रस ओढणाऱ्या कारागिराच्या हातचीं खूण आहेत. म्हणून ते दोष समजून पुसूं नयेत, व नसलेले रंग भरूंहि नयेत. तसें केल्यास सत्य जाऊन केवळ शोभा उरते.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. कांचेंतील धातूंचा रंग शतकानुशतकें टिकतो, परंतु छापील चित्राची शाई उन्हानें फिकी पडते. यास्तव चित्र उन्हापासून दूर लावावें, आणि ज्यावरून तें घेतलें तो तुकडाहि जपून ठेवावा. चित्र विटलें तरी तो विटणार नाहीं.