दुष्काळाचें पाणी आणि धुलाईचा धंदा

वैशाख उजाडला कीं मराठवाड्यांत दोन गोष्टींची गर्दी एकाच वेळीं होते: एक लग्नकार्यांची आणि दुसरी पाण्याच्या टँकरांची. लग्नघरांतून शालू, कोट, चादरी, गाद्यांच्या खोळी आणि बैठकीचीं जाजमें धुलाईसाठीं बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत धुणाऱ्याचा नळ कोरडा पडतो. वर्षांतील सर्वांत मोठी कमाई आणि वर्षांतील सर्वांत मोठी टंचाई ह्यांची अशी गांठ ज्या धंद्याच्या नशिबीं आली आहे, त्याचें अशा वेळीं काय होतें, हा प्रश्न वरवर पाहतां परटाचा किंवा लॉण्ड्रीवाल्याचा वाटतो. वस्तुतः तो प्रत्येक घराचा आहे. कारण दुकान बंद पडलें म्हणून कपडे मळावयाचे थांबत नाहींत.

ह्या प्रश्नाचें स्वरूप पाहण्यास छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, हें शहर चांगलें उदाहरण आहे. पुंडलिकनगर ही तेथील सिडको आणि गारखेडा ह्यांच्या शेजारची दाट वसाहत. अशा वसाहतींतून लॉण्ड्री चालविणारे, मोटारी व स्कूटरी धुणारे, सोफे-गालिचे साफ करणारे, गच्चीवरील टाक्या घांसून देणारे असे लहान धंदेवाले पोट भरीत असतात. त्यांचें भांडवल थोडें, जागा बहुधा भाड्याची, आणि धंद्याचा सारा आधार एकच, तो पाण्याचा.

शहराच्या पाण्याची मुख्य भिस्त सुमारें पन्नास किलोमीटरांवरील पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे. त्याची पायाभरणी १९६५ सालीं झाली व १९७६ सालीं तें राष्ट्रास अर्पण झालें. त्याच्या नाथसागर ह्या जलाशयांत सुमारें २९०० दशलक्ष घनमीटर पाणी मावतें. पैकीं ७३८ दशलक्ष घनमीटर हा 'मृतसाठा', म्हणजे नेहमींच्या दारांतून बाहेर न पडणारें तळचें पाणी. जलाशय विस्तीर्ण पण उथळ असल्यामुळें उन्हाळ्यांत पुष्कळ पाणी वाफ होऊन जातें. आणि शहर धरणाहून शंभरांवर मीटर उंच असल्यामुळें प्रत्येक थेंब पंपानें चढवावा लागतो. २०१३, २०१६ व २०१९ ह्या तिन्ही वर्षांच्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यावर तहान भागवावी लागली.

टंचाईचे निर्बंध दोन वाटांनीं येतात. पहिली वाट हुकमाची. २०१६ च्या एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्य तयार करणाऱ्या कारखान्यांचें पाणी प्रथम निम्म्यानें व पुढें साठ टक्क्यांनीं, आणि इतर कारखान्यांचें वीस ते पंचवीस टक्क्यांनीं कमी करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागत होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आदेशाची निकड समजते. दुसरी वाट अंतराची. तींत कोणताहि हुकूम निघत नाहीं. नळासच पाणी चार, सहा, प्रसंगीं आठ दिवसांनीं येऊं लागतें. गेल्या दशकांत ह्या शहरांतील कित्येक वसाहतींनीं हा अनुभव घेतला, आणि ती स्थिति पालटावी म्हणूनच २०२० च्या डिसेंबरांत १६८० कोटि रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचें भूमिपूजन झालें. मोठ्या कारखान्यास हुकूम लागू होतो. गल्लींतल्या लॉण्ड्रीस अंतर लागू होतें, आणि अंतराविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नाहीं.

हें अंतर म्हणजे काय, तें साध्या हिशेबानें कळेल. साध्या यंत्रावर एक किलो कपडा धुण्यास पंधरा-वीस लिटर पाणी लागतें. दिवसाला पन्नास किलो कपडे धुणाऱ्या दुकानास वीसच्या मानानें रोज एक हजार लिटर हवें. नळ आठ दिवसांनीं येणार असेल तर आठ हजार लिटर, म्हणजे आठ टन वजनाचें पाणी एकदम सांठवून ठेवलें पाहिजे. तें भाड्याच्या जागेंत ठेवावयाचें कोठें? मोठ्या टाक्यांस पैसा लागतो, आणि त्यांचें ओझें सोसणारी गच्ची लागते. ज्याच्यापाशीं हें नाहीं तो टँकर मागवितो. अर्थात् मोठा धंदेवाला पाणी सांठवून टंचाई ओलांडतो आणि लहान धंदेवाला तेंच पाणी अधिक दामानें विकत घेतो. निर्बंध सर्वांस सारखा असला, तरी त्याचें ओझें सारखें पडत नाहीं.

टँकरचें पाणी पुष्कळदां विहिरीचें किंवा बोअरचें असतें, आणि येथें दुसरी अडचण उभी राहते. दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपतांना पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. असें पाणी जड होतें. साबण आणि हे क्षार ह्यांचा संयोग झाला कीं पाण्यांत न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तोच बादलीच्या कडेला बसतो आणि तोच पांढऱ्या सदऱ्याला करडी झांक आणतो. जेवढे क्षार अधिक तेवढा साबण फुकट जातो. साबण अधिक घातला कीं तो काढण्यास खळबळणें अधिक, आणि खळबळण्यास पाणी अधिक. टंचाईमुळें जड पाणी वापरावें लागतें आणि जड पाणी वापरल्यामुळें पाणी जास्त लागतें, असें हें दुष्टचक्र आहे. त्यावर जुना व स्वस्त उपाय धुण्याच्या सोड्याचा. साबणाच्या अगोदर सोडा घातला तर तो क्षारांना गुंतवून टाकतो आणि साबण आपल्या कामास मोकळा राहतो. जुने परीट भट्टी लावतांना सोडा वापरीत, त्यांत हाहि लाभ होता.

आतां टक्केवारीनें पाणी तोडण्याचा न्याय पाहावा. दोन दुकानें शेजारीं आहेत. एकांत खळबळलेलें पाणी सरळ गटारांत जातें. दुसऱ्यांत तेंच पाणी पुढच्या घाण्यास वापरलें जातें. दोघांचें पाणी चौथाईनें कमी केलें तर पहिला थोडी उधळपट्टी सोडतो आणि त्याचें काम पूर्ववत् चालतें. दुसऱ्यापाशीं सोडण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें, म्हणून त्याला गिऱ्हाईक परत पाठवावें लागतें. काटकसर करणाऱ्यास शिक्षा आणि उधळ्यास सवलत, असा हा उलटा परिणाम होतो. ह्याऐवजीं एक किलो कपड्यास किंवा एका मोटारीस किती पाणी खर्च व्हावें ह्याची मर्यादा घालून दिली, तर जो काटकसरीनें धुतो त्याचा धंदा टिकतो.

ह्याहून महत्त्वाचा एक भेद आहे. बाटलींत भरलेलें पाणी बाटलीबरोबर निघून जातें. शेतांतलें पाणी पिकांतून हवेंत जातें. धुणाऱ्यानें घेतलेलें पाणी मात्र वाळवणांत जेवढें उडेल तेवढें सोडून जवळजवळ सर्व परत मिळतें, फक्त मळलेलें. तें खर्चलेलें नसून उसनें घेतलेलें असतें. ही कल्पना ह्या शहरास नवी नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें उत्तरेकडील डोंगराळ भागांतून जमिनीखालून नहर आणून शहरास पाणी दिलें. अठराव्या शतकांतील पाणचक्कींत अशाच नहरीचें पाणी जात्याचें चाक फिरवी आणि पुढें जाई. पीठ दळलें गेलें, पण पाणी कमी झालें नाहीं. धुलाईच्या धंद्यास टिकावयाचें असेल तर त्यानें पाण्याशीं असाच व्यवहार ठेवला पाहिजे.

तो कसा ठेवतां येतो, ह्याचें उत्तर पुन्हां हिशेबांत आहे. दहा किलो कपडे पिळल्यावर त्यांत दहा लिटर साबणाचें पाणी राहिलें असें समजा. त्यावर एकदम नव्वद लिटर चांगलें पाणी ओतून कपडे पिळले, तर मळाचा दहावा हिस्सा मागें राहतो. तेंच नव्वद लिटर तीस-तीस करून तीन वेळां वापरलें व प्रत्येक वेळीं पिळलें, तर प्रत्येक खेपेस मळ चौथाईवर येतो आणि शेवटीं चौसष्टावा हिस्सा उरतो. पाणी तेवढेंच, पण कपडा सहापटींहून अधिक स्वच्छ. आतां एक पाऊल पुढें जावें. तिसऱ्या खेपेचें पाणी बहुतेक स्वच्छच असतें. तें पुढच्या घाण्याच्या दुसऱ्या खेपेस, आणि दुसऱ्या खेपेचें त्यापुढील घाण्याच्या पहिल्या खेपेस वापरलें, तर प्रत्येक घाण्यास नवें पाणी फक्त तीस लिटर लागतें, आणि तरीहि मळ सुमारें चाळीसावा हिस्साच उरतो. नव्वदाच्या ठिकाणीं तीस लिटर, आणि धुणें एकदम नव्वद लिटर ओतण्यापेक्षां चांगलें! प्रत्यक्षांत साबण धाग्यास धरून राहतो म्हणून आंकडे थोडे बदलतील. परंतु तत्त्व बदलत नाहीं. मोठ्या धुलाईघरांतील बोगद्यासारखीं लांबट यंत्रें ह्याच तत्त्वावर चालतात. लहान दुकानास तीन पिंपें, एक चांगलें पिळणारें यंत्र आणि शिस्त, एवढ्यावर हें साधतें.

मोटार धुण्याच्या धंद्यास आणखी सोपा मार्ग आहे. उघड्या पाइपांतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जातें; दहा मिनिटें तो सुरू राहिला तर एका घराचें दिवसाचें पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी मोटारीच्या चाकाखालीं वाहून जातें. अगोदर धूळ कोरडी झाडावी, मग ओल्या फडक्यानें पुसावें, आणि पाणी शेवटीं थोडें. परटाच्या कुळांत जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनीं गांवेंच्या गांवें खराट्यानें झाडून स्वच्छ केलीं. पाण्याच्या आधीं झाडणें, हा धडा त्यांत आहेच. शिवाय मोटारीस पिण्याजोगें पाणी लागत नाहीं. वाळू व तेल वेगळें काढून तेंच पाणी फिरवितां येतें, किंवा शहराचें शुद्ध केलेलें सांडपाणी वापरतां येतें. कांचनवाडीचें शुद्धीकरण केंद्र रोज सोळा कोटि लिटर पाणी हाताळण्याच्या क्षमतेचें बांधलेलें आहे. असें पाणी योग्य ती शुद्धता राखून धुलाईकेंद्रांपर्यंत पोहोंचलें, तर तेवढें पिण्याचें पाणी वांचेल.

तथापि काटकसरीस मर्यादा आहेत. रुग्णालयाच्या चादरी वापरलेल्या थंड पाण्यांत बुचकळून चालत नाहीं. त्यांना पुरेसें ऊन पाणी आणि शेवटीं स्वच्छ पाणी मिळालेंच पाहिजे, नाहीं तर एकाचा रोग दुसऱ्यास जाईल. टाक्या धुणाऱ्यांचें कामहि असेंच आहे. डेंग्यूचा डांस सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो, आणि उन्हाळ्याच्या उबेंत अंड्यापासून डांस होण्यास सुमारें आठ-दहा दिवस लागतात. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलें अंतर आणि डांसाचें बालपण ह्यांचा असा दुर्दैवी मेळ बसतो. म्हणून ज्या वसाहतींत पाणी अंतरानें येतें, तेथें टाकी रिकामी करून घांसणारा माणूस चैनीचा नव्हे, आरोग्याचा सेवक आहे. स्वच्छतेचे सर्व धंदे एकाच ओळींत बसवून बंद करणें म्हणूनच धोक्याचें.

इतरत्र काय झालें, तेंहि बोधप्रद आहे. २०१८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरानें माणशीं रोज पन्नास लिटरांची मर्यादा घातली आणि पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास मनाई केली. २०२४ च्या मार्चमध्यें बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानें मोटारी धुणें, बागा शिंपणें इत्यादि कामांस पिण्याचें पाणी वापरल्यास पांच हजार रुपये दंड ठरविला. दोन्हीकडे रोख पिण्याच्या पाण्यावर होता, धुण्यावर नव्हे. पिण्याचें पाणी सोडून दुसरें पाणी वापरण्यास वाट मोकळी राहिली. निर्बंध आणि विध्वंस ह्यांतील फरक एवढाच असतो.

राहतां राहिलें गिऱ्हाईक. एकदां अंगावर घातलेला सदरा धुण्यास टाकावयाचा, पडदे दर महिन्यास उतरवावयाचे, अंगणांतली गाडी रोज पाइपानें न्हाऊं घालावयाची, ह्या सवयी पाणी भरपूर असलेल्या दिवसांतल्या आहेत. लग्नाचीं जाजमें दोन दिवस उशिरां मिळालीं तर बिघडत नाहीं. घाई केली तर घाणा अर्धा भरून धुवावा लागतो आणि पाणी मात्र पुरें जातें. टंचाईच्या महिन्यांत धुलाईचा दर थोडा चढला, तर तो नफा नसून टँकरचें बिल असण्याचा संभव अधिक. तें समजून घेणारें गिऱ्हाईक आणि पाणी मोजून वापरणारा धंदेवाला असे दोघे भेटले, तर मृगाचा पाऊस येईपर्यंत दुकानाचें दार उघडें राहतें. तें उघडें राहण्यांत केवळ एका कुटुंबाची भाकरी नाहीं; साऱ्या वस्तीचें आरोग्यहि त्यांत आहे.