किल्ली कोणी दिली?

यवतमाळहून आर्णीकडे किंवा दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिसरूडही न फुटलेली मुले बापाची मोटरसायकल भरधाव हाकताना दिसतात, तेव्हा १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले त्याचे स्मरण होऊन मन व्याकूळ होते. तेथे १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर तात्काळ जामीन दिला. आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईबाप व ससून रुग्णालयाचे डॉक्टरही अटकेत गेले. मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. लोकांचा संताप मी समजू शकतो. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी किमान ७ वर्षे कैदेचा गुन्हा लागतो, आणि येथे लावलेल्या सदोष मनुष्यवधाला तशी किमान मर्यादा नाही.

खरा जाब पालकाला विचारला पाहिजे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९-अ अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे शाबीत करण्याचा भार त्याच्यावर पडतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. शिवाय मृताच्या वारसांना द्यावयाची भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते, आणि तेव्हा शेतसुद्धा गहाण पडू शकते. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते; मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.