अडतिसाव्या वर्षापर्यंत उघडे दार

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा शास्त्री रस्त्यावर सकाळी लवकर फेरी मारली, की पाठीला सॅक आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली मुले-मुली अभ्यासिकांकडे निघालेली दिसतात. बीडची, लातूरची, बुलढाण्याची, गडचिरोलीची. कोणाचे वडील सोयाबीन पिकवतात, कोणाची आई अंगणवाडीत सेविका आहे. खोलीभाडे, मेस, अभ्यासिका हे सारे महिन्याला आठ-दहा हजारांत बसवणे म्हणजे कसरतच. या मुलांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. थांबायचे कधी, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

आपल्याकडे तरुणांना सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. ‘जिद्द सोडू नका’ हा त्यातला सर्वांत स्वस्त. परीक्षेत यश मिळवलेल्याची गावात मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतो आणि पाचदा अपयश येऊनही सहाव्यांदा कसे जमले, हे तो भाषणात सांगतो. त्याचे म्हणणे खरेच असते. पण सहाव्यांदाही नापास झालेला त्याचा खोलीतला सोबती व्यासपीठावर कधीच येत नाही. क्लासच्या जाहिरातींची गंमत तर आणखी वेगळी. फलकावर झळकणारा विद्यार्थी तिथे फक्त मुलाखतीच्या सरावाला आलेला असू शकतो. जाहिरातीत छायाचित्र छापताना त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता तेही सांगा, असा नियम केंद्र सरकारला अखेर २०२४ मध्ये करावा लागला.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अलीकडच्या वर्षांत जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून अधिक, असे प्रमाण राहिले आहे. राज्यसेवेच्या जागा काही शेकड्यांतच असतात. सर्वांनी दुप्पट अभ्यास केला म्हणून जागा दुप्पट होत नाहीत. फक्त गुणांची रेषा वर सरकते. म्हणजे नापास होणाऱ्यांत हुशार आणि कष्टाळू मुले असणारच. तो त्यांचा दोष नव्हे, ते निव्वळ गणित आहे.

राज्य सरकारने २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ केली. खेड्यातल्या मुलाची पदवीच उशिरा हाती येते, हे लक्षात घेता ही सवलत न्याय्य होती. परंतु सवलत म्हणजे सल्ला नव्हे. राज्य आयोगाने २०२० च्या डिसेंबरात परीक्षेच्या संधींवर मर्यादा घालायचे ठरवले होते. तो निर्णय २०२२ मध्ये मागे घेतला गेला. तेव्हा हे दार सरकार तुमच्यासाठी बंद करणार नाही. ते तुमचे तुम्हालाच करावे लागेल.

आणि मोजताना ‘संधी’ मोजू नका, वर्षे मोजा. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनाच्या काळात पुढे पुढे जात २१ मार्च २०२१ ला झाली. त्याआधी पुण्यात मुले रस्त्यावर उतरली होती. २०२४ ची पूर्वपरीक्षा एप्रिलमध्ये व्हायची, ती १ डिसेंबरला झाली. पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल आणि प्रत्यक्ष नेमणूक यांत एकेका फेरीची दोन वर्षे सहज जातात. मधेच अभ्यासाचे स्वरूपही बदलते. वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांचा सराव केलेल्यांपुढे २०२५ पासून वर्णनात्मक मुख्य परीक्षा आली. ‘अजून दोनदा देतो’ असे घरी फोनवर सांगणारा मुलगा खरे तर चार वर्षे मागत असतो आणि ते त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून पुण्याची गाडी पकडण्यापूर्वीच, डोके शांत असताना, एक तारीख ठरवावी. निकालाच्या रात्री ठरवू नये. त्या रात्री माणूस एकतर सारे सोडायला निघतो किंवा ‘आणखी एकदा’ म्हणतो. तीन वर्षे पुरेत, असे मला वाटते. या काळात पूर्वपरीक्षाच दोनदा हुकली तर तिसरीची वाट पाहू नये. मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात नाव गेले असेल, तर मात्र आणखी एक फेरी शहाणपणाची ठरू शकते. आणि या तीन वर्षांत दुसरे काहीतरी हाती लागलेच पाहिजे. एलएल.बी., बी.एड., बँकेची परीक्षा, अर्धा दिवस नोकरी, काहीही. ‘लक्ष विचलित होते’ ही तक्रार ऐकू येते. माझ्या मते परतीचा रस्ता माहीत असलेला मुलगाच परीक्षेला अधिक निवांतपणे बसतो.

मुलींच्या बाबतीत ही तारीख बहुधा घरचेच ठरवतात. ‘दोन वर्षे देतो, मग लग्न.’ मी म्हणतो ती मर्यादा ही नव्हे. दोन वर्षांनी थांबायचे ते दुसरे काम सुरू करण्यासाठी, बोहल्यावर चढण्यासाठी नव्हे, हे वडीलधाऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

वडीलधाऱ्यांकडे आणखी एक मागणे. दिवाळीला घरी आलेल्या मुलाला ‘निकाल कधी?’ असे विचारण्याऐवजी ‘पैसे पुरतात का, जेवतोस का नीट?’ असे विचारावे. शेजाऱ्यांना काय सांगायचे, ही चिंता मुलाच्या खांद्यावर देऊ नये. गावी तोंड दाखवायला नको म्हणून पुण्यात राहिलेली मुले थोडी नाहीत. अभ्यास केव्हाच सुटलेला असतो. खोली तेवढी सुटत नाही.

परतलेल्याला नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षांविषयी विचारतातच. तिथे लपवाछपवी करू नये. ‘तीन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केली, निवड झाली नाही’ असे सरळ सांगावे आणि काय येते ते पुढे सांगावे. राज्यघटना, अर्थव्यवस्था, रोजचे वृत्तपत्र बारकाईने वाचण्याची सवय, दहा-दहा तास एका जागी बसण्याची बैठक. शाळेत, वकिलीत, वृत्तपत्राच्या कचेरीत, पतसंस्थेत या गोष्टींना किंमत आहे. सुरुवातीचा पगार कमीच मिळेल. बरोबरीचे मित्र तीन वर्षे पुढे गेलेले असतील. काही दिवस ते टोचेल.