स्टर्नड्राइव्हचा क्लच: दुरुस्ती घरी करावी का?

स्टर्नड्राइव्हच्या बोटीत इंजिन आत असते आणि गिअर व प्रोपेलर मागच्या फळीबाहेर. 1959 मध्ये व्होल्व्हो पेंटाच्या ‘अ‍ॅक्वामॅटिक’ने ही रचना रूढ केली. क्लचचे प्रकार मुख्यतः दोन. मर्क्रूझर अल्फात खालच्या गिअरकेसमध्ये दात्यांचा क्लच असतो. मर्क्रूझर ब्राव्होत आणि व्होल्व्हो पेंटाच्या अनेक ड्राइव्हमध्ये वरच्या गिअरबॉक्समध्ये शंकूच्या आकाराचा.

गिअर घसरतो किंवा सुटतो म्हणून लगेच ड्राइव्ह उघडू नये. पुष्कळदा दोष असतो शिफ्ट केबलचा: ती ताणलेली, गंजलेली किंवा चुकीची जुळवलेली असते. केबल तपासणे, जुळवणे आणि गरज पडल्यास बदलणे हे हौशी माणसाला सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून खुशाल जमते. मग गिअर ऑइल पाहावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे. त्यात धातूचे कण असतील तर आतले भाग झिजत आहेत.

शंकू गुळगुळीत होऊन घसरत असेल, तर ग्राइंडिंग पेस्टने त्याची पकड काही वेळा परत येते. खरी अडचण पुढे येते. गिअर किंवा बेअरिंग बदलले की दात्यांमधली फट मोजून पातळ शिम नेमक्या बसवाव्या लागतात. डायल इंडिकेटर, टॉर्क रेंच आणि खास पुलर हाताशी नसतील, तर हा टप्पा जाणत्या कारागिरावरच सोपवावा. फट चुकली तर नवे गिअरही लवकर निकामी होतात.