वर कोण ते ठरलं, खाली कोण?

4 एप्रिल 2025 ची रात्र, लखनौ. मुंबई इंडियन्सला जिंकायला 204 धावा हव्या होत्या आणि तिलक वर्माच्या बॅटला चेंडू नीट लागत नव्हता. 23 चेंडूंत 25 धावांवर असताना, एकोणिसाव्या षटकात त्याला चक्क परत बोलावून घेतलं. बाद न होता तो बाद झाला आणि त्याच्या जागी मिचेल सँटनर आला. मुंबई 12 धावांनी हरली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या यच्चयावत चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय होता आणि बीड जिल्ह्यातली आष्टीही त्याला अपवाद नव्हती. तिलकला खाली ठेवायला पाहिजे होतं, हार्दिकनं आधी यायला पाहिजे होतं, नमन धीरला अजून वर, रोहितला मधल्या फळीत, सूर्या वन डाऊनच बरा! चहा संपेपर्यंत अकरा जणांचे निदान चार वेगवेगळे क्रम लागून झालेले असतात.

आष्टीकराला या वादात बोलायचा अधिकार इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे, कारण तो अख्खं वर्ष हेच करत असतो. तालुक्यातली कितीतरी माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गावच्या संघातले दोन-तीन हुकमी गडी त्यांच्यासोबत निघून जातात. मग वावरातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत कालपर्यंत नवव्या क्रमांकावर येणारा पोरगा सलामीला येतो. साखर कारखान्याचा पट्टा पडला की टोळी परत येते आणि त्याला गुपचूप नववा नंबर परत मिळतो. बॅट ज्याची तो आधी खेळणार, हा नियम वेगळाच. त्यावर अजून कुठल्या प्रशिक्षकाला तोडगा सापडलेला नाही.

सहा षटकांचा सामना म्हणजे 36 चेंडू. सलामीचे दोघे टिकले तर पाचव्या क्रमांकावरच्याला पॅड बांधून बसून राहावं लागतं. वीस षटकांत 120 चेंडू असतात, पण तिथंही हिशोब तोच: जितका खाली, तितके कमी चेंडू आणि तितकी जास्त घाई. सलामीवीराला नवा चेंडू खेळावा लागतो, पण त्याला पहिल्या सहा षटकांत क्षेत्ररक्षणाची मोकळीक मिळते. सहाव्या क्रमांकावरच्याला चेंडू जुना मिळतो, पण सीमारेषेवर पाच जण उभे असतात. चौथ्या क्रमांकावरच्याचं तर काहीच ठरलेलं नसतं. तो कधी दुसऱ्या षटकात येतो, कधी बाराव्या. म्हणून ‘चार नंबरचा खेळाडू’ शोधण्यात भारतीय संघाची वर्षंच्या वर्षं गेली.

बीडकरांना आकडा आणि वेळ यांतला हा फरक 6 फेब्रुवारी 2024 ला घरबसल्या कळला. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला 19 वर्षांखालच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. यजमानांच्या 244 चा पाठलाग करताना भारत 4 बाद 32. तेव्हा बीडचा सचिन धस खेळायला आला, सहाव्या क्रमांकावर. कागदावर तो सहावा, म्हणजे शेवटच्या दहा षटकांत फटकेबाजी करणारा. त्या दिवशी मात्र डावाची दहा-बारा षटकंच झाली होती, चेंडू चकाकता होता आणि पुढं उभा डाव पडलेला. त्यानं 95 चेंडूंत 96 धावा केल्या, कर्णधार उदय सहारनसोबत 171 ची भागीदारी केली आणि भारत 2 गडी राखून जिंकला. ‘पोराला वर पाठवा’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखं म्हणजे त्या सामन्यात तो वर आलाच होता. फक्त आकडा बदलला नव्हता.

पण टपरीवरच्या वादात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. कोणाला वर आणायचं हे प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. खाली कोण जाणार, बाहेर कोण बसणार, हे कुणी सांगत नाही. जागा अकराच असतात. एकाची बढती ही दुसऱ्याची बदली असते आणि ती दुसरी चिठ्ठी कुणी मोठ्यानं वाचत नाही.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण बीडमध्येच जन्मलेल्या माणसाचं आहे. संजय बांगर. रेल्वेकडून रणजी खेळलेला, मध्यमगती गोलंदाजी टाकणारा, कसोटीत भारतासाठी तोवर खालच्या क्रमांकावर आलेला अष्टपैलू. 2002 च्या फेब्रुवारीत नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्यानं तिथूनच नाबाद 100 केल्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात लॉर्ड्सची कसोटी भारत हरला, ट्रेंट ब्रिजची अनिर्णित राहिली. तिसरी कसोटी हेडिंग्लेला. ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी आणि गांगुलीनं नाणेफेक जिंकून चक्क फलंदाजी घेतली. सलामीला वीरेंद्र सेहवाग आणि बांगर. दोघंही भारतासाठी मुळात मधल्या फळीतले. सेहवागला त्याच दौऱ्यात वर आणलं होतं, कारण द्रविड, तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्यामध्ये त्याला जागाच नव्हती.

सेहवाग 8 धावांवर गेला. बांगर राहिला. त्यानं 236 चेंडू खेळून 68 धावा केल्या. आजच्या भाषेत कंटाळवाणी खेळी. पण द्रविडबरोबर 170 ची भागीदारी झाली, नव्या चेंडूचा दम निघाला आणि मग द्रविड 148, तेंडुलकर 193, गांगुली 128. भारतानं 8 बाद 628 वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव 46 धावांनी जिंकला. त्या तीन शतकांच्या फोटोत बांगर दिसत नाही. ती शतकं ज्या सावलीत उभी राहिली, ती मात्र त्याची होती.

आणि बाहेर कोण बसलं? मुंबईचा वसीम जाफर. लॉर्ड्स आणि ट्रेंट ब्रिजला तोच सलामीला होता, जातिवंत सलामीवीर, लहानपणापासून नवा चेंडू खेळलेला. हेडिंग्लेनंतर त्याला कसोटी संघात परतायला 2006 साल उजाडलं. परतल्यावर नागपूरला शतक आणि त्याच वर्षी अँटिग्वाला 212. म्हणजे माणसात कमी काही नव्हतं. बांगरला सलामीला पाठवण्याचा निर्णय बरोबर होता आणि जाफरवर अन्यायही झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि टपरीवरच्या वादाला नेमकं हेच मानवत नाही.

शेजारच्या नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं, दुखणंही असंच. 23 जानेवारी 2013 ला मोहालीत इंग्लंडविरुद्ध रोहित शर्माला सलामीला पाठवलं आणि त्यानं 83 धावा केल्या. त्या एका निर्णयातून पुढं एकदिवसीय क्रिकेटमधली तीन द्विशतकं निघाली, त्यातलं एक 264 चं. रोहितला वर आणणारा धोनी किती दूरदृष्टीचा, हे आपण आजही सांगतो. पण त्या सामन्यात सलामीची जागा गेली ती संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेची. त्याला नंतर एकदिवसीय संघात कधी सलामी, कधी चौथा क्रमांक, कधी बाकडं. रोहितनं जे मिळवलं ते पाहता हा बदल चुकला असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण रहाणेच्या मांडवाखाली उभं राहून हाच किस्सा कुणी सांगत नाही, इतकंच.

फलंदाजीच्या क्रमाच्या या जुगाराला बेसबॉलमध्ये तर नियमांचीच चौकट आहे. तिथं नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधी पंचाच्या हातात लेखी द्यावा लागतो. तो सामनाभर बदलता येत नाही. बदली खेळाडू आला तर तो मूळ खेळाडूच्याच क्रमांकावर खेळतो आणि बाहेर गेलेला परत येत नाही. क्रिकेटमध्ये अकरा नावं आधी द्यावी लागतात, क्रम मात्र खिशातच राहतो. त्यामुळं आपल्याकडं प्रत्येक गडी बाद झाल्यावर नवा वाद, तर अमेरिकेत तो सामन्याआधीच सुरू होतो. 1972 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सचे फलंदाज चालेनासे झाले, तेव्हा प्रशिक्षक बिली मार्टिननं नऊ नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि जशा निघाल्या तसा क्रम लावला. सगळ्यात भरवशाच्या फटकेबाजाची चौथी जागा संघातल्या दुबळ्या फलंदाजांपैकी एकाच्या, एड ब्रिंकमनच्या, वाट्याला आली. टायगर्स क्लीव्हलँडविरुद्ध 3-2 असे जिंकले. हा प्रकार रोज करावा असं नाही, पण जाणकारांनी नंतर गणितं मांडून पाहिली, तेव्हा क्रमाच्या फेरफारानं मोसमात मिळणारा फायदा चाहत्यांना वाटतो त्यापेक्षा फार थोडा निघाला. मार्टिनला कदाचित हे ठाऊकच असावं. त्याला खेळाडूंच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं.

क्रिकेटमध्ये क्रम खिशात असण्याचा सर्वांत धूर्त उपयोग ब्रॅडमननं केला. 1937 च्या जानेवारीत, पहिल्या दोन कसोटी हरलेला ऑस्ट्रेलिया मेलबर्नला खेळत होता. पावसानं खेळपट्टी इतकी बिघडली की चेंडू कुठं उडेल याचा भरवसा नव्हता. ब्रॅडमननं आपल्या गोलंदाजांनाच पुढं पाठवलं, ज्यांच्या विकेटची किंमत कमी. खेळपट्टी सुकल्यावर सहाव्या क्रमांकावर फिंगल्टन आला, सातव्यावर स्वतः ब्रॅडमन. दोघांची 346 ची भागीदारी, ब्रॅडमनच्या 270. ऑस्ट्रेलियानं ती मालिका 3-2 अशी जिंकली. इथं वर आलेल्यांना बढती मिळाली नव्हती. त्यांना बळी दिलं होतं, आणि ते मुकाट्यानं गेले.

एका बदलात मात्र दोघांचंही भलं झालं. 2001 चा मार्च, कोलकाता. भारतावर फॉलोऑनची वेळ आली. पहिल्या डावात सहाव्या क्रमांकावर 59 करणाऱ्या लक्ष्मणला दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या द्रविडला सहाव्यावर ढकललं. लक्ष्मणच्या 281 सगळ्यांना पाठ आहेत. पण त्या दिवशी खाली ढकलल्या गेलेल्या द्रविडनं 180 केल्या, आणि खाली जाणं त्याच्याही पथ्यावर पडलं. त्याच्या धावा होत नव्हत्या, नव्या चेंडूसमोरून सुटका झाली आणि समोर सूर लागलेला साथीदार मिळाला. दोघांनी 376 जोडल्या आणि भारत 171 धावांनी जिंकला. वर-खाली करताना ज्याला खाली पाठवतो त्याचंही काम नीट ठरवून दिलं, तर असं होतं. एरवी आपण त्याला फक्त ‘थोडं थांब’ म्हणतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे या बाबतीत नशीबवान म्हणायचा. सैन्यात असताना तो क्रॉस कंट्रीतून स्टीपलचेसकडं वळला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं आणि पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्यानं जागा बदलली, पण मैदानात त्याच्यामुळं कुणाला पॅड सोडून बसावं लागलं नाही. सांघिक खेळाच्या नशिबी ही चैन नाही.

मुंबई इंडियन्सचंही पाहू. 2024 मध्ये 14 पैकी 4 विजय आणि तळाचा क्रमांक. कर्णधार हार्दिक पंड्या पहिल्याच सामन्यात सातव्या क्रमांकावर आला म्हणून गदारोळ. 2025 मध्ये पहिल्या पाचपैकी चार पराभव, त्यात तो तिलकचा सामना. आणि मग सलग सहा विजय. टपरीवर याचं श्रेय आपापल्या क्रमाला दिलं गेलं. खरं पाहता पाचव्या सामन्यात जसप्रीत बुमरा दुखापतीतून परतला होता आणि रोहितच्या धावा व्हायला लागल्या होत्या. गोलंदाजीतलं भगदाड फलंदाजीचा क्रम बदलून बुजत नाही, पण क्रम दिसतो म्हणून वाद त्याच्यावर होतो. क्रमाबद्दल कुणीही मत देऊ शकतं. बुमरा कुणाच्याही खिशात नसतो.

बांगरच्या नशिबात या वादाची दुसरी बाजूही लिहिलेली होती. 2014 मध्ये तो भारताचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. 2019 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, 10 जुलैला ओल्ड ट्रॅफर्डवर 240 चा पाठलाग करताना भारत 3 बाद 5, मग 4 बाद 24. दिनेश कार्तिक पाचवा आला, पंड्या सहावा आणि धोनी थेट सातव्या क्रमांकावर. जडेजानं 59 चेंडूंत 77 फटकावल्या, धोनी 50 वर धावबाद झाला, भारत 221 वर संपला. 18 धावांनी पराभव झाला आणि देशभर एकच प्रश्न: धोनीला सातवा कोणी पाठवला? बोट बांगरकडं गेलं. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्रींनी तो संघाचा निर्णय होता असं जाहीरपणे सांगितलं, तरी बोट हललं नाही. धोनी लवकर यायला हवा होता असं मलाही वाटतं. पण तो पाचवा आला असता तर कार्तिक किंवा पंड्या सातवा आला असता आणि शेवटी जडेजाच्या सोबतीला धोनीऐवजी त्यांच्यापैकी कुणी किंवा तळाचा गोलंदाज असता. हे पुढचं वाक्य त्या आठवड्यात फारसं कुणी उच्चारलं नाही.

ऑगस्टमध्ये बांगरच्या जागी विक्रम राठोडची निवड झाली. त्याच महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये रिषभ पंत चौथा आला आणि मुंबईचा श्रेयस अय्यर पाचवा. अय्यरनं लागोपाठ दोन सामन्यांत 71 आणि 65 केल्या, पंतनं 20 आणि शून्य. झालं, अय्यरला वर घ्या म्हणून टपऱ्या पुन्हा भरल्या. पंतनं मग कितव्या क्रमांकावर यायचं, हे विचारणारा तिथंही कुणी नव्हता.