पाच वर्षांचा हिशेब: आईबाबांसाठी मेडिकेडची तयारी

अमेरिकेतल्या मराठी घरांत एक समजूत फार घट्ट बसलेली आहे. पासष्टीनंतर आईबाबांना मेडिकेअर मिळालं की म्हातारपणाचा घोर मिटला. प्रत्यक्षात मेडिकेअर डॉक्टरांचा, इस्पितळाचा, औषधांचा खर्च उचलतं. निदान तीन दिवस इस्पितळात दाखल राहून पुढे नर्सिंगची गरज लागली, तर नर्सिंग होमचे जास्तीत जास्त 100 दिवस त्यात बसतात. त्यांतले पहिले 20 दिवस पूर्ण, नंतर रोजचा ठरावीक वाटा आपण भरायचा. अंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठवून संडासला नेणं ही वर्षानुवर्षांची शुश्रूषा मेडिकेअरमध्ये येत नाही. सरकार तिचा खर्च उचलतं ते मेडिकेडमधून, आणि मेडिकेड तुटपुंज्या मिळकतीच्या माणसांसाठी आहे. केंद्र आणि राज्य मिळून ते चालवतात, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. इथे मी मुख्यतः न्यू जर्सी डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

आधी आईबाबा या देशात कोणत्या नात्याने राहतात ते पाहा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेड मिळत नाही. 1996 च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डवर आलेल्या बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं, आणि ज्या मुलाने किंवा मुलीने त्यांची जबाबदारी घेत सही केली, त्यांचं उत्पन्नही त्यानंतर मोजलं जाऊ शकतं. नागरिकत्व मिळाल्यावर या दोन्ही अडचणी संपतात. आई अजून मुलाखतीला बसू शकते तोवर नागरिकत्वाचा अर्ज करून टाका, असं मी कळकळीने सांगेन.

अर्जात तीन गोष्टी तपासतात: गरज, उत्पन्न आणि मालमत्ता. उत्पन्नाची मर्यादा बऱ्याच राज्यांत 2025 साली महिना 2,901 डॉलर होती. भारतातून येणारी पेन्शनही त्यात धरतात. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर न्यू जर्सीत एक खास ट्रस्ट करून वरची रक्कम त्यातून वळवता येते, म्हणून एवढ्यावरून धीर सोडू नका.

खरी कसोटी मालमत्तेची. एकट्या माणसाच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त मोजण्याजोगी मालमत्ता चालत नाही. राहतं घर ठरावीक मर्यादेपर्यंत, एक गाडी, घरातलं सामान आणि अंगावरचे दागिने सहसा वगळतात. गुंतवणूक म्हणून घेतलेली सोन्याची नाणी आणि बिस्किटं मात्र मोजतात. आता भारतातलं काय? पुण्यातला फ्लॅट, बँकेतली मुदत ठेव, एलआयसीचं सरेंडर मूल्य हे सगळं अर्जात लिहावं लागतं. ‘तिकडचं इथे कोणाला कळणार आहे?’ हा सल्ला ओळखीपाळखीत सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. अर्जावरची सही ही खोटं न बोलण्याची कायदेशीर हमी असते, आणि ती आईची किंवा तिच्या वतीने तुमची असते. मुदत ठेवीवर मुलाचं नाव जोडलेलं असलं तरी सगळी रक्कम आईचीच असं गृहीत धरतात. त्यात आपले पैसे किती, हे मुलाने कागदांनिशी दाखवायचं असतं.

आता पाच वर्षांचं बघू. 2006 साली लागू झालेल्या कायद्यापासून नर्सिंग होमच्या मेडिकेडसाठी अर्जाच्या तारखेच्या मागचे 60 महिने पाहतात. त्या काळात काही फुकट किंवा कमी किमतीत दिलं असेल, तर तेवढ्या रकमेच्या हिशेबाने मदत रोखून धरतात. समजा, राज्याने नर्सिंग होमचा सरासरी खर्च महिना 10,000 डॉलर धरला आणि बाबांनी धाकट्याला घरासाठी 60,000 दिले. मग सहा महिने मदत नाही. हे सहा महिने पैसे दिले त्या दिवसापासून मोजत नाहीत. माणूस नर्सिंग होममध्ये गेला, पैसे संपले, अर्ज केला, बाकी सगळ्या अटींत बसला, तिथून मोजणी सुरू होते. म्हणजे हाती काही उरलेलं नसतं नेमक्या त्याच वेळी सहा महिन्यांचं बिल कुटुंबावर येतं. आयकर खात्याकडे दरवर्षी काही रकमेपर्यंतची भेट करमुक्त असते. ती सूट इथे लागू नाही, आणि या घोटाळ्यात भली शिकलेली माणसं सापडतात.

मराठी घरांत देणं चेकनेच होतं असं नाही. डिसेंबरात गावी गेल्यावर भाऊ म्हणतो, ‘ताई, तुला काय करायचीय ही जमीन?’ आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आई हक्कसोडपत्रावर सही करून येते. माहेरच्या प्रेमाने केलेली ही सही मेडिकेडच्या लेखी मालमत्ता देऊन टाकणंच ठरते. बक्षीसपत्राचंही तसंच. सातबाऱ्यावर चार-सहा नावं असतील तर आपला हिस्सा खरोखर विकता येतो का, किंमत किती, याचा लेखी पुरावा लागतो. असा कागद करण्याआधी वृद्धांच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा. त्याची फी वाया जात नाही.

सांगलीला काकांच्या ऑपरेशनसाठी 6,000 डॉलर पाठवले असतील, तर स्टेटमेंटमधल्या त्या ओळीवर कारकून बोट ठेवणारच. देण्यामागचा हेतू सर्वस्वी वेगळा होता, मेडिकेडसाठी पैसा कमी करण्याचा नव्हता, हे सिद्ध झालं तर मदत रोखली जाणं टळू शकतं. त्यासाठी इस्पितळाचं बिल, तारीख, तेव्हाचा पत्रव्यवहार हवा. म्हणून आजपासून मोठ्या रकमेचा प्रत्येक व्यवहार झाला की त्याच दिवशी कारण लिहून कागद फाइलला लावा. सांभाळ करणाऱ्या मुलीला पैसे द्यायचे असतील तर आधी लेखी करार करा, पैसे नंतर.

जोडप्यातला एकच जण नर्सिंग होमला जातो, तेव्हा घरी राहणाऱ्याने कंगाल व्हावं अशी अपेक्षा नसते. न्यू जर्सीत दोघांच्या मोजण्याजोग्या मालमत्तेचा अर्धा भाग त्याच्याकडे राहतो. 2025 साली हा भाग कमीत कमी 31,584 आणि जास्तीत जास्त 1,57,920 डॉलर होता. मात्र त्यासाठी लग्नाचा पुरावा लागतो. 1960 च्या दशकातल्या लग्नाची नोंद अनेकदा नसते. त्यात सासरी आल्यावर कुसुमची सुनंदा झालेली असते, शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याची प्रतिज्ञापत्रं, लग्नाला हजर असलेली माणसं हयात आहेत तोवर करून घ्या. आईबाबांचं मन ताळ्यावर आहे तोवर मुखत्यारपत्रही करून ठेवा, कारण स्मृतिभ्रंश वाढल्यावर कोर्टातून पालकत्व मिळवावं लागतं आणि तो मार्ग लांबलचक आणि खर्चिक आहे.

गरजेची तपासणी कागदावरची नाही, समोरासमोरची. तपासणीला माणूस येणार म्हटल्यावर आजी ठेवणीतली साडी नेसून बसतात आणि विचारलं की सांगतात, ‘सगळं माझं मी करते हो.’ हा त्यांचा स्वाभिमान असतो, पण त्याच उत्तरावर अर्ज नामंजूर होऊ शकतो. दोन आठवडे रोजची नोंद ठेवा: अंघोळीला कोण लागलं, कितीदा पडल्या, रात्री कितीदा उठवावं लागलं. तपासणीच्या दिवशी घरी थांबा, पण सगळी उत्तरं स्वतःच देऊ नका. मराठी दुभाषी मागा. तो फुकट देणं ही सरकारी कार्यालयाची जबाबदारी आहे. मंजुरी मिळाल्यास मदत नर्सिंग होमपुरतीच असते असंही नाही. न्यू जर्सीत ती घरीही मिळू शकते.

अर्ज जिल्ह्याच्या समाजसेवा कार्यालयात जातो. निकालाला साधारण 45 दिवस धरतात, पण एक कागद कमी पडला की मुदत लांबते. नकार आला तर सुनावणी मागण्याचा हक्क आहे. त्याची मुदत पत्रावरच छापलेली असते आणि ती थोडी असते, म्हणून पाकीट त्याच दिवशी फोडा.

मंजुरीनंतरही फाइल बंद करायची नाही. दरवर्षी फेरतपासणी होते. नर्सिंग होममध्ये असलेल्या आईच्या उत्पन्नातून तिच्या हाती दरमहा अगदी किरकोळ रक्कम राहते. ती साठते, त्यात नातवंडांनी वाढदिवसाला आणि भावाने भाऊबीजेला खात्यात घातलेले पैसे मिळतात, आणि 2,000 ची रेघ ओलांडली की मदत थांबू शकते. तेव्हा खात्यात पैसे घालण्याऐवजी आईला चपला, चष्मा, शाल घेऊन द्या, आणि साठलेले पैसेही तिच्याच गरजेच्या वस्तूंवर खर्च करून पावत्या त्याच फाइलला लावा.