नक्कल द्यावी की पत्ता सांगावा?

कल्पना करा की, एका कचेरीत जमिनीच्या नोंदींचे एक जाडजूड दप्तर आहे. एका कारकुनास त्यातील एक नोंद पाहून काही हिशेब करावयाचा आहे. ती नोंद त्याच्यापर्यंत पोचविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, नोंदीची नक्कल करून ती त्याच्या हाती द्यावी. दुसरा, 'दप्तर अमुक कपाटात, अमुक खणात, अमुक पानावर आहे' अशी चिठ्ठी त्यास द्यावी. पहिल्या मार्गाने गेल्यास कारकुनाने कागदावर कितीही खाडाखोड केली, तरी मूळ नोंदीस धक्का लागत नाही. परंतु नोंद शंभर पानांची असेल, तर ती उतरून काढण्यातच दिवस मावळेल. दुसऱ्या मार्गात चिठ्ठी एका ओळीची असते. परंतु कारकून जे लिहील, ते थेट मूळ दप्तरात उमटते.

संगणकाच्या अंतरंगात हाच प्रश्न एका सेकंदात लक्षावधी वेळा उपस्थित होतो. तो कोण सोडवितो, कसा सोडवितो आणि त्या निर्णयात कोणता धोका दडलेला असतो, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

उप-आज्ञावली आणि प्राचल

संगणकाने करावयाच्या कामाची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम. मोठ्या आज्ञावलीत काही कामे पुनःपुन्हा करावी लागतात. अशा कामाची एकदाच वेगळी मांडणी करून, गरज पडेल तेव्हा तिला पाचारण करतात. ती उप-आज्ञावली होय. तिने ज्या माहितीवर काम करावयाचे, त्या माहितीस प्राचल म्हणतात. मनुष्याने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी जी आज्ञावली असते, तीस संकलक किंवा कंपायलर असे नाव आहे. प्राचलाची नक्कल द्यावयाची की स्मृतीतील त्याचा पत्ता द्यावयाचा, हे अखेर संकलकास ठरवावे लागते.

नक्कल देण्याचेही दोन प्रकार आहेत. उप-आज्ञावलीने माहिती केवळ वाचावयाची असेल, तर नक्कल देऊन काम संपते. तिने माहितीत बदल करून तो परत द्यावयाचा असेल, तर आरंभी नक्कल आत जाते आणि काम संपल्यावर सुधारलेली नक्कल बाहेर येऊन मूळ जागी उतरविली जाते.

पूर्वीचा अनुभव

आयबीएम कंपनीत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली फोर्ट्रान ही भाषा प्रचारात आणली. पुढील वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र उप-आज्ञावली लिहिण्याची सोय झाली. ही भाषा वैज्ञानिक गणितासाठी होती आणि तीत संख्यांच्या मोठमोठ्या सारण्या हाताळाव्या लागत. म्हणून पत्ता देण्याची रीत सोयीची ठरली. परंतु तीतून एक चमत्कारिक दोष उद्भवला. एखाद्याने प्राचल म्हणून २ ही संख्या दिली आणि उप-आज्ञावलीने त्या प्राचलात १ मिळविला, तर काही जुन्या संकलकांत स्मृतीतील २ च्या जागी ३ लिहिला जाई. त्यानंतर आज्ञावलीत जेथे जेथे २ लिहिले असेल, तेथे यंत्र ३ समजून चाले!

१९६० च्या अल्गोल भाषेने प्राचल मूल्याने द्यावयाचे की नावाने, हे लिहिणाऱ्याकडे सोपविले. १९७० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या सी भाषेने सर्वच प्राचले मूल्याने, म्हणजे नकलेने, द्यावीत असे ठरविले. ज्यास पत्ता हवा असेल, त्याने पत्ता हेच मूल्य म्हणून पाठवावे. ह्या भाषांत रीत कोणती, हे लिहिणाऱ्यास आधीच ठाऊक असते.

एडा भाषेचा तोडगा

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झाँ इश्बिया यांच्या नेतृत्वाखाली एडा ही भाषा तयार झाली. तिच्या मानकास १८१५ हा क्रमांक देण्यात आला. तो एडा लव्हलेस यांच्या जन्मवर्षावरून घेतलेला आहे. १९८३ साली सिद्ध झालेल्या मानकात प्राचलांविषयी एक निराळा विचार दिसतो. लिहिणाऱ्याने केवळ माहितीची दिशा सांगावी: प्राचल वाचण्यापुरते आहे, लिहिण्यापुरते आहे, की दोहोंसाठी आहे. ते कसे पोचवावयाचे, ही चिंता सामान्यतः संकलकाची.

१९९५ च्या सुधारित मानकापासून ह्या भाषेत तीन वर्ग स्पष्ट करण्यात आले. सुट्या संख्या, अक्षरे व पत्ते ह्यांसारखी साधी मूल्ये नेहमी नकलेनेच दिली जातात. ज्या वस्तूंची नक्कल करणेच निरर्थक, त्या नेहमी पत्त्याने दिल्या जातात. उदाहरणार्थ, अनेक कामे एकाच वेळी चालू असता सामायिक माहितीचे रक्षण करणारी वस्तू घ्या. ती दारावरच्या कुलपासारखी असते. कुलपाची नक्कल करून खिशात ठेवल्याने दार बंद होत नाही. उरलेला तिसरा वर्ग सामान्य सारण्यांचा आणि अनेक भाग एकत्र बांधलेल्या नोंदींचा. ह्या वर्गात निवड संकलकाच्या मर्जीवर आहे.

संकलक कसा विचार करतो?

संकलकाची ही मर्जी लहरीची नव्हे. आजच्या बहुतेक संगणकांत पत्ता ८ बाइटांत मावतो आणि प्रक्रियकातील रजिस्टर नावाच्या अतिवेगवान कप्प्यांतही प्रत्येकी ८ बाइट मावतात. म्हणून जी वस्तू एकदोन रजिस्टरांत बसते, तिची नक्कल करणे पत्ता पाठविण्याइतकेच स्वस्त पडते. शिवाय पत्ता दिला, तर प्रत्येक वेळी त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणावी लागते. नक्कल हाताशीच असते.

आता १००० ओळी व १००० स्तंभ असलेली एक सारणी घ्या. प्रत्येक संख्येस ८ बाइट धरले, तर सारणी ८०,००,००० बाइटांची होते. नक्कल आत नेऊन परत आणावयाची तर १,६०,००,००० बाइट उतरावे लागतील. पत्ता मात्र ८ बाइटांतच भागतो. येथे निर्णय उघड आहे.

आणखी एक बंधन असे की, पाचारण करणारी आज्ञावली आणि उप-आज्ञावली यांचे संकलन पुष्कळदा निरनिराळ्या वेळी होते. एकीने नक्कल पाठविली आणि दुसरीने तीस पत्ता समजले, तर अनर्थ ओढवेल. म्हणून हा निर्णय प्रत्येक प्रसंगी नव्याने न घेता, वस्तूच्या प्रकारावरून आणि यंत्रासाठी ठरलेल्या संकेतांवरून घेतला जातो. उदाहरणार्थ, एआरएम जातीच्या ६४ बिटांच्या प्रक्रियकांसाठी ठरलेल्या संकेतात सामान्यतः १६ बाइटांपर्यंतची नोंद रजिस्टरांतून जाते. त्याहून मोठी असल्यास पाचारण करणारा तिची नक्कल स्मृतीत ठेवतो आणि नकलेचा पत्ता देतो.

एका वस्तूस दोन नावे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. निवड संकलकाची असेल, तर उत्तर बदलणार नाही ना? एक उदाहरण पाहू. 'खाते' ही एक नोंद आहे. तिच्यात नाव, पत्ता आणि शिल्लक हे भाग आहेत. शिल्लक १०० रुपये आहे. एक उप-आज्ञावली आपल्या प्राचलास 'क' म्हणते. ती प्रथम क च्या शिलकेत १० मिळविते. नंतर थेट खाते ह्या नावाने शिलकेत ५ मिळविते. तिला आपण प्राचल म्हणून खाते हेच दिले.

संकलकाने पत्ता दिला असेल, तर क आणि खाते ही एकाच वस्तूची दोन नावे होतात. १०० चे ११० होतात आणि ११० चे ११५. संकलकाने नक्कल दिली असेल, तर नकलेत ११० होतात. मूळ खात्यात १०० चे १०५ होतात. आणि अखेरीस नक्कल मूळ जागी उतरविली जाताच १०५ पुसले जाऊन ११० राहतात. आज्ञावली तीच, आकडे तेच. तरी एका संकलकाकडून ११५ आणि दुसऱ्याकडून ११० मिळतात. पाच रुपये कोणी चोरले नाहीत, ते नकलेखाली झाकले गेले!

आपल्या कचेरीत हेच घडू शकेल. एक कारकून नक्कल घरी नेऊन सुधारीत आहे, दुसरा त्याच वेळी मूळ दप्तरात लिहीत आहे. सायंकाळी पहिल्याने आपली नक्कल दप्तरात उतरविली की दुसऱ्याचे दिवसभराचे काम नाहीसे होते.

काम अर्ध्यावर थांबले तरी असाच फरक पडतो. काही अडचण येऊन उप-आज्ञावली मध्येच सोडून द्यावी लागली, तर नकलेच्या रीतीत मूळ वस्तू जशीच्या तशी राहते. पत्त्याच्या रीतीत ती अर्धवट बदललेली राहते.

नियमाची मर्यादा, लिहिणाऱ्याची जबाबदारी

भाषांच्या मानकांनी ह्यावर एकच उपाय योजला आहे: स्वातंत्र्य संकलकास द्यावे आणि पथ्य लिहिणाऱ्याने पाळावे. फोर्ट्रानच्या १९६६ च्या मानकानेच असा प्रसंग निषिद्ध ठरविला होता. एकाच वस्तूस दोन नावे पडली असता त्यांपैकी एकीच्याही द्वारे उप-आज्ञावलीत बदल करू नये, असा तो दंडक होता. एडाच्या मानकानुसार, रीत न ठरविलेल्या वर्गातील वस्तू एका नावाने बदलून दुसऱ्या नावाने वाचणे हा दोष मानला जातो. उत्तर जुने येईल, नवे येईल किंवा यंत्र चूक दाखवून थांबेल. २०१२ च्या आवृत्तीत तर, एकच साधी वस्तू बदलण्यासाठी म्हणून दोन प्राचलांत दिलेली उघड दिसली, तर संकलकाने ती आज्ञावली नाकारावी असा नियम आला.

परंतु प्रत्येक छुपे दुसरे नाव संकलकास दिसेलच असे नाही. बोइंग ७७७ सारख्या विमानांतील पुष्कळशा आज्ञावल्या एडा भाषेत लिहिल्या गेल्या आहेत. तेथे ११० आणि ११५ यांतील फरक केवळ रुपयांचा राहत नाही. म्हणून एडाच्या स्पार्क नावाच्या शिस्तबद्ध उपभाषेत अशी दोन नावे पडूच दिली जात नाहीत. नावे दोन नसली, की नक्कल द्या वा पत्ता सांगा, उत्तर एकच येते.

सारांश, नक्कल की पत्ता हा प्रश्न वेगाचा आहे, आणि तो संकलकावर खुशाल सोपवावा. उत्तर बरोबर असणे मात्र त्या निवडीवर अवलंबून राहता कामा नये. तेवढी काळजी आज्ञावली लिहिणाऱ्या मनुष्यानेच वाहावयाची आहे.